दृष्टीआडची सृष्टी

जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात १७ जानेवारी १८३४ रोजी ऑगस्ट वाइसमान यांचा जन्म झाला. वडील शाळेत ग्रीक व लॅटिन या प्राचीन भाषा शिकवीत. आईला चित्रकलेची व संगीताची आवड होती. घरात पैसा बेताचाच होता. परंतु ग्रंथ, चित्रे आणि वाद्ये यांचा सहवास मुलाला पाळण्यापासून लाभला. चौथ्या वर्षीच त्याला संगीताचे धडे मिळू लागले. योगायोग असा, की त्याचे पियानोचे शिक्षक फुलपाखरांचे मोठे शौकीन होते. सूर आणि ताल शिकवता शिकवता त्यांनी या मुलाला सुरवंट कोणत्या झाडावर शोधावेत, ते घरी आणून कसे पाळावेत आणि कोशातून बाहेर पडणारे फुलपाखरू कसे न्याहाळावे हेही शिकविले. पियानो आणि फुलपाखरे ही दोन वेडे ऑगस्टला एकाच वेळी जडली व ती जन्मभर टिकली.

निसर्गाचा अभ्यास करून पोट भरेल असे त्या काळी कोणालाच वाटत नसे. फ्रीड्रिश व्होलर हे प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ या कुटुंबाचे स्नेही होते. मुलाने वैद्यक शिकावे असा सल्ला त्यांनी दिला. आईच्या वारशातून आलेल्या पैशावर ऑगस्टने गॉटिंगेन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १८५६ साली तो डॉक्टर होऊन बाहेर पडला. पुढची काही वर्षे धावपळीची गेली. रोस्टॉक येथील रुग्णालयात त्यांनी नोकरी केली. बाल्टिक समुद्राच्या पाण्यातील मिठाचे प्रमाण शोधून त्यांनी बक्षीस मिळविले. पण थेंबाथेंबाचा आणि गुंजेगुंजेचा हिशेब ठेवण्याचे काम आपल्या प्रकृतीला मानवणारे नाही, असेही त्यांना त्याच वेळी कळून चुकले. १८५९ साली युद्ध पेटले तेव्हा ते सैन्यात वैद्य होते. नंतर ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील एका राजपुत्राचे खाजगी वैद्य म्हणून ते शाउम्बुर्ग येथील गढीत राहिले. तेथे काम थोडे आणि मोकळा वेळ पुष्कळ होता. त्या वेळात त्यांनी चार्ल्स डार्विन यांचा १८५९ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ वाचला, माश्यांच्या अळ्या सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवून पाहिल्या, आणि वैद्यकीचा व्यवसाय सोडण्याचा निश्चय केला. १८६३ साली फ्रायबुर्ग विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकवू लागले. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी त्याच विद्यापीठाची सेवा केली.

माशीच्या अंड्यात अळी कशी घडते, अळीचे अवयव विरघळून त्यांच्या जागी माशीचे अवयव कसे तयार होतात, हे पाहण्यात वाइसमान यांचे दिवसचे दिवस जात. सूक्ष्मदर्शकाच्या काचेला डोळा लावून ते तासन् तास बसत. या श्रमाची त्यांना फार मोठी किंमत द्यावी लागली. १८६४ साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, त्यांचे डोळे एकाएकी बिघडले. सूक्ष्मदर्शकात पाहणे तर राहोच, पुस्तकाचे पान वाचणेही कठीण होऊन बसले.

प्राणिशास्त्रज्ञाचे डोळे जाणे म्हणजे गवयाचा कंठ जाणे होय. हातातील काम अर्धवट टाकून त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. १८६७ साली मेरी ग्रूबर या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. तिचे वडील इटलीतील जेनोआ बंदरात व्यापार करीत. मेरीबाईंनी पतीची दृष्टी आपल्या अंगावर घेतली असेच म्हटले पाहिजे. त्या ग्रंथ मोठ्याने वाचून दाखवीत व वाइसमान डोळे मिटून ऐकत. ऐकलेले सारे मनात साठवायचे, तेथेच ते जुळवायचे आणि तेथेच त्याची उलटतपासणी करायची, अशी सवय त्यांना या काळात लागली. मध्यंतरी काही वर्षे दृष्टी थोडीशी सुधारली. त्या संधीचा फायदा घेऊन त्यांनी कॉन्स्टन्स सरोवरातील पाणपिसवांचा आणि नेपल्सच्या समुद्रातील जलचरांचा अभ्यास केला. परंतु डोळ्यांनी पुन्हा दगा दिला. मग विद्यार्थी आणि सहकारी सूक्ष्मदर्शकात पाहत, दिसेल ते सांगत, आणि वाइसमान प्रश्न विचारीत. काय पाहायचे हे न पाहणाऱ्याने सांगायचे, असा तो विलक्षण प्रकार होता.

त्यांनी सोडविलेला प्रश्न समजण्यासाठी त्या काळी पेशींविषयी काय ठाऊक झाले होते हे पाहिले पाहिजे.

सर्व प्राणी व वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात. बहुतेक पेशींच्या आत एक लहानसा गोळा असतो. त्याला केंद्रक म्हणतात. पेशी एरवी रंगहीन असल्यामुळे तिच्यातील रचना दिसत नाही. परंतु काही रंग असे आहेत, की ते पेशीतील इतर भागांना फारसे न लागता केंद्रकातील पदार्थाला तेवढे लागतात. या रंगांच्या साहाय्याने वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने पेशी दुभंगताना बारकाईने पाहिली आणि १८८२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पेशीचे दोन भाग होण्यापूर्वी केंद्रकात आखूड, जाड धागे दिसू लागतात; प्रत्येक धागा उभा चिरला जातो; त्याचे अर्धे एका बाजूला व अर्धे दुसऱ्या बाजूला जाते; मग मधोमध पेशी विभागली जाते. त्यामुळे दोन्ही नव्या पेशींना मूळ पेशीइतकेच धागे मिळतात. या धाग्यांना आज गुणसूत्रे म्हणतात. गुडघा फुटला म्हणजे खपलीखाली नवी कातडी येते, ती अशाच विभाजनाने.

दुसरा शोध अंड्याचा होता. समुद्रातील साळ ह्या काटेरी प्राण्याचे अंडे काचेसारखे पारदर्शक असते. ऑस्कर हेर्टविग यांनी १८७६ साली दाखवून दिले, की या अंड्यात नराच्या बीजपेशीचे केंद्रक शिरते, मादीच्या केंद्रकाशी एकरूप होते आणि त्या एका केंद्रकापासून नवा जीव सुरू होतो. पाठोपाठ १८८३ साली बेल्जियममधील एदुआर व्हान बेनेडेन यांनी घोड्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका जंताची अंडी तपासली. या जंताची गुणसूत्रे अगदी थोडी व ठसठशीत असल्यामुळे ती सहज मोजता येतात. नराच्या बीजपेशीतून दोन गुणसूत्रे आली, मादीच्या अंडपेशीत दोन होती, आणि त्यांच्या मीलनातून झालेल्या पहिल्या पेशीत चार दिसली. त्या पेशीपासून वाढलेल्या जंताच्या पेशींतही ती चारच होती.

वाइसमान यांच्या मनाने या आकड्यांची पकड घेतली. मुलाला आईबापांचे गुण मिळतात ते गुणसूत्रांच्या द्वारे, असे त्यांचे ठाम मत झाले होते. मग त्यांनी साधा हिशेब मांडला. जंताच्या शरीरातील पेशींत चार गुणसूत्रे. त्याच्या बीजपेशीही शरीरातील इतर पेशींप्रमाणेच विभागून झाल्या असत्या तर त्यांतही चारच राहिली असती. नराची चार व मादीची चार मिळून अपत्यात आठ झाली असती, त्याच्या अपत्यात सोळा, त्याच्यापुढे बत्तीस. दहा पिढ्यांनंतर एका पेशीत ४,०९६ गुणसूत्रे झाली असती. वीस पिढ्यांनंतर ४१,९४,३०४. सूक्ष्म पेशीत एवढी गर्दी मावणार कशी? आणि जंताच्या पिढ्या तर हजारो वर्षे चालत आलेल्या आहेत, तरीही त्याच्या पेशींत आज चारच गुणसूत्रे दिसतात. याचा अर्थ उघड होता. बीजपेशी तयार होत असताना कोठेतरी एक वेगळे विभाजन झालेच पाहिजे. त्यात गुणसूत्रे चिरली जाऊन समान वाटली जात नसली पाहिजेत, तर अर्धी गुणसूत्रे एका पेशीत आणि उरलेली अर्धी दुसऱ्या पेशीत जात असली पाहिजेत.

असे विभाजन तोपर्यंत कोणी ओळखले नव्हते. १८४६ साली लव्हेर्ये या फ्रेंच गणितज्ञाने कागदावर आकडेमोड करून आकाशातील नव्या ग्रहाची जागा सांगितली आणि बर्लिनच्या वेधशाळेत दुर्बीण त्या दिशेला वळविताच नेपच्यून सापडला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. वाइसमान यांचे भाकीत त्याच जातीचे होते. फरक इतकाच, की त्यांचे आकाश एका अंडपेशीच्या आत सामावलेले होते.

मात्र केवळ तर्कावर विसंबून राहणारे ते नव्हते. अंडपेशी पक्व होताना तिच्या एका टोकाला एकदोन अतिशय लहान कण बाहेर टाकले जातात, ही गोष्ट पुष्कळ दिवसांपासून माहीत होती. त्यांना ध्रुवकाय म्हणतात. अंड्याने झटकून टाकलेला केरकचरा, यापलीकडे अनेकांच्या दृष्टीने त्यांना महत्त्व नव्हते. वाइसमान यांना वाटले, की अंडपेशी आपली अर्धी गुणसूत्रे बाहेर टाकते ती याच वाटेने.

हे पारखून पाहण्यास पाणपिसवा फार उपयोगी पडल्या. हा किडा टाचणीच्या डोक्याएवढा असतो. त्याची एक गंमत आहे. उन्हाळ्यात मादी जी अंडी घालते त्यांना नराची गरज लागत नाही. ती आपोआप वाढतात. थंडीसाठी घातलेली अंडी मात्र नराच्या बीजपेशीशी संयोग झाल्याखेरीज वाढत नाहीत. आता वाइसमान यांचा तर्क खरा असेल, तर उन्हाळी अंड्याला बापाकडून काहीच मिळायचे नसल्यामुळे त्याने आपली अर्धी गुणसूत्रे टाकता कामा नयेत. हिवाळी अंड्याने ती टाकलीच पाहिजेत. त्यांच्या प्रयोगशाळेत त्या वेळी चियोमात्सु इशिकावा हा तरुण जपानी विद्यार्थी होता. प्राणिशास्त्र शिकण्यासाठी तो इतक्या दूर आला होता. इशिकावा याचे तीक्ष्ण डोळे आणि वाइसमान यांचे तीक्ष्ण मन असे दोघे कामाला लागले. एकामागून एक अंडी तपासली गेली. उन्हाळी अंडी एकच ध्रुवकाय बाहेर टाकत होती, आणि हिवाळी अंडी दोन!

१८८७ साली वाइसमान यांनी ध्रुवकायांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्याच वर्षी मेरीबाई वारल्या होत्या. ज्या निबंधाने त्यांच्या पतीचे नाव शास्त्राच्या इतिहासात कायमचे कोरले गेले, तो छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. अंडपेशीत जे घडते तेच नराच्या बीजपेशी तयार होतानाही घडले पाहिजे, आणि शोधणाऱ्यांनी ते शोधावे, असे वाइसमान यांनी या निबंधात बजावले होते. शोधणारे लवकरच पुढे आले. थिओडोर बोव्हेरी यांनी जंताच्या अंड्यात गुणसूत्रांची संख्या निम्मी होताना पाहिली. १८९० साली हेर्टविग यांनी त्याच जंताच्या नराच्या आणि मादीच्या बीजपेशींची तुलना केली. नराच्या एका मातृपेशीपासून सारख्या आकाराच्या चार बीजपेशी होतात. मादीच्या एका मातृपेशीपासून एक मोठी अंडपेशी व तीन चिमुकले ध्रुवकाय होतात. म्हणजे ध्रुवकाय हा केरकचरा नव्हे. तीही अंडपेशीची भावंडेच. पण वाढणाऱ्या गर्भाची शिदोरी एकाच अंड्याजवळ राहावी म्हणून त्यांच्या वाट्याला काही येत नाही.

या विभाजनाला मराठीत अर्धसूत्री विभाजन म्हणतात. युरोपीय भाषांत त्याला मायोसिस असे नाव आहे. फार्मर व मूर या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ साली ग्रीक भाषेतून ते घेतले. त्याचा अर्थ कमी होणे असा आहे.

हे विभाजन कसे घडते हे आज पुष्कळ तपशिलाने माहीत झाले आहे. शरीराच्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून आलेले व दुसरे बापाकडून आलेले असते. विभाजनापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत तयार होते, आणि मूळ व प्रत एका ठिकाणी चिकटून राहतात. मग एरवी कधी न घडणारी गोष्ट घडते. आईकडचे गुणसूत्र व बापाकडचे गुणसूत्र एकमेकांना गाठतात आणि अंगाला अंग लावून उभे राहतात. वेणीचे पेड एकमेकांवरून जावेत तसे त्यांचे धागे जागोजाग एकमेकांवरून जातात. तेथे ते तुटतात, आणि याचा तुकडा त्याला व त्याचा तुकडा याला असे पुन्हा सांधले जातात. त्यानंतर सगळ्या जोड्या पेशीच्या मध्यावर येतात. दोन्ही टोकांकडून आलेले बारीक तंतू त्यांना पकडतात, आणि जोडीतील एक गुणसूत्र या टोकाला व दुसरे त्या टोकाला ओढले जाते. येथे संख्या निम्मी होते. लगेच दुसरे विभाजन होते. त्यात चिकटून राहिलेली मूळ व प्रत वेगळी होतात. अशा रीतीने एका पेशीच्या चार पेशी होतात आणि प्रत्येकीत गुणसूत्रांचा निम्मा संच असतो. नराची बीजपेशी व अंडपेशी एकत्र आल्या, की संच पुन्हा पूर्ण होतो.

माणसाच्या पेशींत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. ही संख्या निश्चित व्हायला १९५६ साल उजाडावे लागले. स्वीडनमधील लुंड येथे जो हिन त्जिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांनी ती बिनचूक मोजली. तोपर्यंत जगातील सारी पुस्तके ४८ हा आकडा सांगत होती!

अर्धसूत्री विभाजनाने संख्या कायम राहते, हा त्याचा एक उपयोग. पण वाइसमान यांना दुसरा उपयोग अधिक मोलाचा वाटत होता. एकाच आईबापांची मुले सारखी का नसतात? एकाचे नाक आजोबांसारखे, दुसऱ्याचे केस आत्यासारखे, तिसरा कोणावर गेला हे कोणालाच सांगता येत नाही, असे घरोघर दिसते. प्रत्येक जोडीतील कोणते गुणसूत्र कोणत्या बीजपेशीत जाईल हे ठरलेले नसते. २३ जोड्यांपैकी प्रत्येकीत दोन शक्यता धरल्या, तर एका व्यक्तीच्या बीजपेशी ८३,८८,६०८ प्रकारच्या होऊ शकतात. त्यात दुसऱ्या व्यक्तीच्या तितक्याच शक्यता मिळविल्या, तर एका दांपत्याला होऊ शकणाऱ्या निरनिराळ्या अपत्यांची संख्या सत्तर लाख कोटींच्या वर जाते. आणि धाग्यांच्या तुकड्यांची अदलाबदल तर यात धरलेलीच नाही. प्रत्येक पिढीत पत्ते असे नव्याने पिसले जातात. हवामान पालटले, नवा रोग आला, अन्न दुर्मीळ झाले, तरी या विविध प्रकारांपैकी काही जीव तग धरून राहतात. डार्विन यांनी सांगितलेल्या निसर्गाच्या निवडीला निवडण्यासाठी माल कोठून मिळतो, याचे उत्तर वाइसमान यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानात दिले, ते हेच.

जोड्या जमल्या नाहीत तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. घोड्याला ६४ गुणसूत्रे आणि गाढवाला ६२. त्यांच्या संकरातून होणाऱ्या खेचराला ६३. ही गुणसूत्रे नीट जोडीने उभी राहू शकत नाहीत. म्हणून खेचर कितीही बळकट असले तरी त्याला सहसा अपत्य होत नाही. आपण खातो त्या बहुतेक केळींच्या झाडात प्रत्येक गुणसूत्र दोनऐवजी तीन असते. तिघांची जोडी लागणार कशी? म्हणून त्या केळात बी धरत नाही, आणि शेतकऱ्याला केळीची बाग मुनव्यांपासून लावावी लागते. क्वचित माणसाच्या बीजपेशीतही एखादी जोडी विलग न होता तशीच एका बाजूला जाते. १९५९ साली फ्रान्समध्ये असे आढळले, की डाऊन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेत जन्मलेल्या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. यात आईबापांचा किंवा मुलाचा कोणताही दोष नसतो.

वाइसमान यांचे नाव सर्वसामान्य लोकांना ठाऊक झाले ते मात्र उंदरांमुळे. माणसाने आयुष्यात जे कमावले किंवा गमावले ते त्याच्या मुलांत उतरते, असे त्या काळी पुष्कळ विद्वानही मानीत. लोहाराच्या मुलाचे दंड जन्मतःच बळकट असतात, शेपूट तुटलेल्या मांजरीला बिनशेपटीची पिल्ले होतात, असे दाखले दिले जात. वाइसमान यांचे मत अगदी निराळे होते. शरीर ज्यापासून घडते तो बीजातील मूळ पदार्थ पिढ्यान् पिढ्या अखंड चालत येतो, असे ते मानीत. हरळीची मुळी जमिनीखालून सरपटत जाते आणि ठिकठिकाणी तिला अंकुर फुटतात. वरची पाती गुरांनी खाल्ली, तरी खालची मुळी पुढे जातच राहते आणि पुढच्या अंकुराला पाती पुरतीच येतात. बीजाचा आणि शरीराचा संबंध तसाच, असे त्यांच्या सिद्धांताचे सार सांगता येईल.

१८८७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी सात उंदरीण व पाच उंदीर घेतले आणि त्यांच्या शेपट्या कापल्या. त्यांना झालेल्या पिल्लांच्याही शेपट्या कापल्या, आणि त्यांच्या पिल्लांच्याही. पाच पिढ्यांत ९०१ पिल्ले झाली. प्रत्येकाची शेपटी मोजली गेली. एकही पिल्लू बिनशेपटीचे किंवा आखूड शेपटीचे निघाले नाही. आजच्या माणसाला हा प्रयोग निर्दय वाटेल, आणि खरे पाहता एवढ्यासाठी उंदरांना त्रास देण्याची फारशी गरजही नव्हती. हजारो वर्षे मुलींचे कान टोचले जात आहेत. तरी टोचलेल्या कानांची मुलगी कोणाच्या घरी जन्माला आल्याचे ऐकिवात नाही. उंदरांच्या प्रयोगाने सारा वाद मिटला असे म्हणणेही अतिशयोक्तीचे होईल. परंतु तुटलेल्या शेपट्यांच्या कहाण्यांना त्याने पूर्णविराम दिला. पुरावा म्हणून पुढे केलेली गोष्ट मोजून पाहावी लागते, हे लोकांना कळले.

वाइसमान यांचे सगळेच विचार टिकले नाहीत. संख्या दुसऱ्या विभाजनात निम्मी होते असे त्यांना वाटले होते. आज सामान्यतः ती पहिल्या विभाजनातच निम्मी होते असे ठरले आहे. मधमाशीचे अंडे संयोगाशिवाय वाढते, त्यातून नर माशी जन्मते, पण ते दोन्ही विभाजने पुरी करते. म्हणजे पाणपिसवांचा नियम सर्वांना लागू नाही. सर्वांत मोठी चूक शरीराच्या पेशींविषयी होती. शरीर वाढत असताना गुणांचे साहित्य वाटले जाते, आणि शेवटी त्वचेच्या पेशीजवळ त्वचेपुरते व स्नायूच्या पेशीजवळ स्नायूपुरतेच उरते, असे ते शिकवीत. ते खरे नाही. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीजवळ संपूर्ण संच असतो. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये एका मेंढीच्या कासेतील पेशीच्या केंद्रकापासून डॉली नावाची सबंध मेंढी जन्मली, तेव्हा याची खात्री साऱ्या जगाला पटली. गुलाबाच्या फांदीपासून गुलाबाचे झाड होते हे माळ्यांना कितीतरी आधीपासून ठाऊक होते. वाइसमान यांच्या विरोधकांनीही वनस्पतींची उदाहरणे त्यांच्यासमोर ठेवली होती. पण आपल्या सिद्धांतावर प्रेम करणारा मनुष्य गुलाबापाशी थांबत नाही.

फ्रायबुर्गमध्ये त्यांची वर्गात येण्याची वेळ झाली, की दालन भरून जाई. डोळे आणखी अधू झाले, तरी पियानोवरून बोटे फिरविण्यास डोळ्यांची गरज नव्हती. संध्याकाळी घरात संगीत चाले. त्यांचा मुलगा यूलियस पुढे नामवंत संगीतकार झाला. इशिकावा जपानला परतला आणि तोक्योच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. १९०० साली ग्रेगोर मेंडेल यांचे वाटाण्यांवरील विस्मृतीत गेलेले प्रयोग पुन्हा उजेडात आले. अमेरिकेत वॉल्टर सटन या तरुण विद्यार्थ्याने १९०२ व १९०३ साली नाकतोड्याच्या पेशी पाहून दाखवून दिले, की गुणसूत्रांच्या जोड्या विलग होतात त्याच रीतीने मेंडेल यांचे गुणही विलग होतात. बोव्हेरी यांचाही निष्कर्ष तोच होता. अशा रीतीने अर्धसूत्री विभाजन हा आनुवंशिकतेच्या साऱ्या शास्त्राचा पाया ठरला, आणि हे पाहण्यास वाइसमान हयात होते.

१९०८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना डार्विन पदक अर्पण केले. १९१२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते विद्यापीठातून निवृत्त झाले. दोन वर्षांनी महायुद्ध सुरू झाले. ज्या देशांतील विद्वानांशी त्यांनी जन्मभर पत्रव्यवहार केला होता, वाद घातले होते आणि स्नेह जोडला होता, ते देश आता शत्रुपक्षात होते. युद्धाला तीन महिने होतात न होतात तोच, ५ नोव्हेंबर १९१४ रोजी, फ्रायबुर्ग येथे ऑगस्ट वाइसमान यांचे निधन झाले.